जांबोटीची आशा

भूतखेत, करणी, बाहेरचं वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे सगळेच सुरुवातीला म्हणतात, ठाऊक आहे... पण माझा धंदाच तसा आहे. मी हायस्कूलच्या मुलांना ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल फोटोग्राफी शिकवते. फोटोत भूत कसं आणायचं, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला स्वतः शिकवते. कॅमेरा स्टँडवर लावायचा, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि एका पोरानं फ्रेममध्ये थोडा वेळ उभं राहून निघून जायचं. मागची भिंत आरपार दिसणारं झकास भूत तयार! त्यामुळे कुणी मोबाइल पुढे करून "मॅडम, हे बघा, फोटोत कोण आलंय" म्हणालं, की मी आधी शटर स्पीड विचारते.

तर आता जे सांगणार आहे, ते त्या सवयीनं खूप तपासून झालंय. नावं बदललेली आहेत. गावं तीच आहेत.

मी बेळगावात वडगावला राहते. शाळा उद्यमबागच्या मागच्या अंगाला आहे. निम्म्या मुलांचे वडील फाउंड्रीत कामाला, उरलेल्यांचे ऑफिसात किंवा दुकानात. आशा नववीला आमच्याकडे आली. जांबोटीच्या पलीकडे रानात एक वाडी आहे, तिथली. वडील लहानपणीच गेलेले. आई पारूबाई, दोन म्हशी आणि थोडी भातशेती, एवढंच. पुढच्या शिक्षणासाठी आईनं तिला इथं बेळगावात, अनगोळला मावशीकडे ठेवलं होतं.

आशाचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी धार काढताना म्हशीनं लाथ झाडली होती म्हणे. त्यामुळे ती ओठ मिटूनच असायची, फोटोत तर नक्कीच. आणि बोलायची ती आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, पुरुषासारखं, "मी आलतो, मी बघतो". आमच्या कानाला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण वर्गात सानिका होती. वडिलांची पुण्याहून बदली झाल्यामुळे आलेली, हुशार, कॉम्प्युटरवर हात बसलेला. तिनं पहिल्याच आठवड्यात आशाला नाव ठेवलं, 'जांबोटीची'. आशा वर्गात शिरली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "आलतो का रे? आलतो, आलतो!" मी दोनदा झापलं. मी वळले की पुन्हा सुरू.

पण आशाची नजर विलक्षण होती. एकदा तिनं शाळेच्या कॅमेऱ्यानं संध्याकाळी बसमधून उतरणारे फाउंड्रीतले कामगार टिपले. सगळे काळे, फक्त डोळे पांढरे, आणि सगळ्यात पुढच्याच्या हातात शेवंतीची लहानशी वेणी, बायकोसाठी घेतलेली असणार. तो फोटो मी बोर्डावर लावला. तिथं आधी सानिकाचा होता, तो काढून. सानिका फोटोकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात मी बॅनरचा धडा घेतला. आमच्या गावात चौक म्हणजे बॅनर, वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. चेहरा मागच्या पार्श्वभूमीतून केसासकट स्वच्छ कसा कापून घ्यायचा, ते शिकवलं. सरावासाठी खिडकीच्या उजेडात काढलेले सगळ्यांचे पोर्ट्रेट दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये शिपायानंच मला मोबाइल दाखवला. "मॅडम, ही आपली पोरगी न्हवं?"

'भावपूर्ण श्रद्धांजली.' दोन बाजूंना समया, वर झेंडूचा हार, खाली 'शोकाकुल — समस्त मित्रपरिवार'. आणि मधोमध आशा. पण नीट बघितल्यावर कळलं की चेहऱ्यावर काम केलंय. रंग उजळून गोरा केला होता, आणि मिटलेल्या ओठांच्या जागी हसू बसवलं होतं. रुंद, पांढरंशुभ्र, एकसारख्या दातांचं. खाली बारीक अक्षरात ओळ होती — 'मेल्यावर तरी हसली'.

केसांची कड न् कड स्वच्छ कापलेली होती. वर्गात तेवढं सफाईदार काम एकाच मुलीला जमायचं.

मी सानिकाला बोलावलं. ती रडली नाही की घाबरली नाही. "जोक होता मॅडम. ग्रुपमध्येच टाकला होता, बाहेर कुणी पाठवला मला काय माहीत?" मग खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "पण फिनिशिंग चांगलं आलंय ना?"

माझा हात उचलला गेला होता. मी तो खाली घेतला.

आशा त्या दिवशी शाळेत आली नव्हती. शाळा सुटल्यावर मी अनगोळला तिच्या मावशीकडे गेले. चित्र आदल्या रात्रीच त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. आशा भिंतीला टेकून बसली होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या मिस्टरांनी, तिला आणखी मेसेज दिसू नयेत म्हणून घरातला फोन बंद करून कपाटावर टाकला होता. चांगल्या मनानंच. पण इकडे वर्गातल्या एका मुलाच्या खानापूरच्या मामानं ते चित्र खरं समजून पुढं पाठवलं होतं. जांबोटीत कुणीतरी स्वतःच्या मोबाइलवर पारूबाईला ते दाखवलं. तिनं मावशीला फोन लावला... बंद. पुन्हा लावला... बंद.

मी तिथं चहाचा कप हातात घेऊन बसलेली असतानाच गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. पारूबाई, तिचा चुलत दीर आप्पा आणि गावातल्या चार बायका. बायका गळा काढून रडत होत्या. पारूबाई रडत नव्हती. तोंड उघडं, आवाज नाही, अशी चालत होती.

आशा धावत दारात गेली. "आई! आई, मी हाय गं! कायबी झालेलं न्हाय मला!"

बायकांचं रडणं थांबलं. "अगं जित्ती हाय पोरगी!" आप्पा मटकन पायरीवर बसला आणि हात जोडून हसायला लागला. मावशी रडत, हसत त्यांना आत या म्हणत होती.

पारूबाई आशाजवळ गेली. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. मग अंगठ्यानं तिचा वरचा ओठ वर केला, बाजारात जनावराचे दात बघतात तसा. तुटका दात बघितला. आणि हात सोडून दिले.

"ही न्हवं," ती म्हणाली.

"आई, असं काय करालीस?"

"माझी गोरी हाय. माझी हसती. मी बगितलंय की फोटूत." आवाज एकदम शांत होता. मग मावशीकडे वळून, "कुणाचीबी पोरगी उबी करून माझी समजूत काढू नगा गं. गेली ती गेली."

सगळ्यांनी समजावलं. जन्मखुणा दाखवल्या, लहानपणच्या गोष्टी विचारल्या. आशानं त्या बिनचूक सांगितल्या. पारूबाई ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. शेवटी ते लोक तिला परत घेऊन गेले. जाताना तिनं आशाकडे वळूनही बघितलं नाही. नंतर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी धक्क्यामुळे असं होतं म्हणून एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. मलाही ते पटलं होतं. अजूनही तेवढ्या भागापुरतं पटतं.

शाळेत मीटिंग झाली. सानिकाचे वडील म्हणाले, "मुलं आहेत, करतात गंमत. आम्ही सॉरी म्हणतो." सानिकानं सॉरी म्हटलं. काका पोलिसांत जायचं म्हणत होते. पण वरच्यांनी "शाळेचं नाव... मुलीचं भविष्य..." करत मिटवलं. कोणाच्या भविष्याबद्दल बोलत होते, कोण जाणे.

मग जांबोटीहून निरोप आला. पारूबाई बरी आहे. सुतक वगैरे काही धरलं नाही. कामाला लागलीय, हसते, बोलते. आशाला वाटलं, आई भानावर आली. ती माझ्या मागे लागली, "मॅडम, तुमी चला. तुमी सांगितल्यावर ती ऐकंल." एका रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. मी शाळेचा कॅमेरा बरोबर घेतला होता. मायलेकींचा एक फोटो काढून द्यावा, एवढाच विचार. त्या श्रद्धांजलीच्या चित्रावर उतारा म्हणा हवं तर.

जांबोटीला उतरून पुढं रानातून चालत जायचं. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. वाटेत बांधावर आप्पा भेटला. आशाला बघून तो चाचरला.

"आप्पा, आई बरी हाय नव्हं?"

"वैनी बरी हाय, बरी हाय..." तो माझ्याकडे वळून आवाज खाली घेत म्हणाला, "मॅडम, येक सांगू काय? दोन ताटं वाढती ती. पोरगी परत आलीया म्हणती. बरं, वाढू दे की, डोस्क्यावर परिणाम झालाय. पर दोनीबी ताटं रिकामी हुत्यात. कुत्रं खात असंल."

"मग खात असेल," मी म्हटलं.

"तिच्याकडं कुत्रं न्हाय."

घर रानाच्या कडेला, पुढं सारवलेलं अंगण आणि पडवी. पारूबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पदर सावरून हसली. आशा तिच्या समोर उभी राहिली. पारूबाईनं तिच्याकडे बघितलं. राग नाही, भीती नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. परक्या पोरीकडे आपण मायेनं बघतो ना, तसं बघितलं.

"मॅडमसंगट आलीस व्हय बाळ? बस की. कुणाची गं तू?"

आशानं माझ्याकडे बघितलं.

"पारूबाई, ही आशा आहे. तुमची आशा," मी म्हटलं.

"हिचं नावबी आशाच काय?" ती कौतुकानं म्हणाली. मग दाराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "आशू! मॅडमास्नी पाणी आण गं!"

आत घागरीत तांब्या बुडवल्याचा आवाज आला.

मी दाराच्या बरोबर समोर बसले होते. दुपारचं ऊन थेट आतल्या खोलीत शिरलेलं, चूल दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. आत कुणी नव्हतं. पारूबाईनं न बघताच हात मागे, उंबऱ्याकडे केला. दारातून तांब्या चालत आला असलं काही मी सांगणार नाही. मी बघितलं ते इतकंच, की हात रिकामा होता आणि मग रिकामा नव्हता. त्यात पाण्याचा तांब्या होता, बाहेरून थेंब गळत होते. या दोन्हींच्या मधलं मला काही आठवत नाही, आणि माझी नजर हटलेली नव्हती.

तांब्या तिनं माझ्यापुढे धरला. मला तो घ्यावासा वाटेना. आशानं घेतला. वरून धरून, गटागटा, निम्मा रिकामा केला. स्वतःच्या घरचं पाणी होतं ते.

मला वाटलं, उठावं आणि निघावं. पण माझ्यातल्या मास्तरणीनं उचल खाल्ली. म्हटलं, फोटो काढू या. फोटोत कोण आहे न् कोण नाही ते या बाईला डोळ्यांनी दिसू दे. पारूबाई आनंदानं तयार झाली. पडवीच्या खांबाशी उभी राहिली. आशा तिच्या उजव्या अंगाला, थोडं अंतर ठेवून. पारूबाईनं डावा हात उचलून हवेत धरला, खांद्यावर टाकतात तसा, आणि तिकडे तोंड करून म्हणाली, "नीट उबी ऱ्हा गं."

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चेहरा ओळखणारी चौकट असते, तुम्हीही मोबाइलमध्ये बघितली असेल. चेहरा सापडला की त्यावर पिवळा चौकोन येतो. स्क्रीनवर दोन चौकोन आले. एक पारूबाईच्या चेहऱ्यावर. दुसरा तिच्या डाव्या बाजूला, रिकाम्या जागेवर, तिच्या खांद्याएवढ्या उंचीला.

आशाच्या चेहऱ्यावर चौकोन नव्हता.

मी मशीन ओळखून आहे. कॅमेरा चुकतो, भिंतीवरच्या डागालाही चेहरा समजतो. मी जागा बदलली. कॅमेरा बंद करून चालू केला. आशाला उजेडात पुढे घेतलं, मान वर करायला सांगितली. चौकोन तिच्यावर येईना. आणि रिकाम्या जागेवरचा चौकोन हलत होता... माणूस फोटोसाठी उभं राहताना जरा चुळबुळ करतो, तसा.

मी बटण दाबलं.

फोटोत मला पारूबाई दिसली, आशा दिसली. पारूबाईच्या डाव्या अंगाला फक्त दाराची चौकट आणि दोरीवरचं लुगडं. मी तो पारूबाईला दाखवला. "बघा, इकडं कोणी नाही. ही बघा तुमची मुलगी, ही."

तिनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "तिघींचाबी झ्याक आलाय," ती म्हणाली.

मग आशानं कॅमेरा माझ्या हातातून घेतला. फोटो मोठा केला आणि डावीकडे सरकवला. मी शिकवलं होतं तसंच, बारकाईनं एकेक कोपरा बघत होती. दोरीच्या जागेवर ती थांबली. बराच वेळ.

"मॅडम," ती म्हणाली, "हिचे दात लई चांगले हायत."

मी पुन्हा बघितलं. शपथेवर सांगते, मला लुगडंच दिसलं.

निघताना पारूबाईला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली आणि एक जुना स्वेटर घेऊन आली. निळा, कोपरावर रफू केलेला. आशाच्या हातात दिला. "ह्यो न्हे तू. आमच्या आशूनं नवा मागितलाय, ह्यो नगं म्हणाली. तुला हुईल बग."

तो आशाचाच स्वेटर होता. रफूही तिनंच केलं होतं, मला नंतर सांगितलं. तिनं तो घेतला, वाकून आईच्या पाया पडली. पारूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शिक, मोठी हो. तुझ्या आईला सांबाळ," असं म्हणाली.

परतीच्या वाटेवर आशा रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. बसमध्ये स्वेटर मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. "ती तिथं खूश हाय," एवढंच एकदा म्हणाली. आई की ती दुसरी, ते मी विचारलं नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरवर मी तो फोटो उघडून हरतऱ्हेनं तपासला. उजेड वाढवला, कमी केला, प्रत्येक रंग वेगळा करून पाहिला. काही नाही. फोटो माझ्याकडे आहे. मागू नका, दाखवणार नाही. आशाला शब्द दिलाय.

तुम्हाला वाटत असेल, सानिकाचं पुढं काहीतरी झालं असणार. अशा गोष्टींत होतंच. काहीही झालं नाही. बॅनर स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं, दहावीला उत्तम मार्क पडले, वडिलांची बदली झाली तशी ती गेली. निरोप समारंभात माझ्या पाया पडून म्हणाली, "तुमच्यामुळे मी डिझाइनला जायचं ठरवलं."

आशा मावशीकडेच आहे. सध्या कॉलेजला जाते. कॅमेरा पुन्हा हातात धरला नाही तिनं. अधूनमधून ती आईला फोन करायची. पारूबाई मायेनं बोलायची, "मॅडमच्या आशे, जेवलीस काय?" तेवढ्यासाठीच ती फोन करायची. मागे दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली होती. माझ्या घरातूनच तिनं फोन लावला, हात पिठात होते म्हणून स्पीकरवर. आम्ही करंज्या करत होतो.

पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो?"

मुलीचा आवाज. मी हातातली लाटी तशीच धरून राहिले, कारण तो आवाज माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचा होता. सारखा नव्हे, तोच.

"आई गोठ्यात गेलीया," आवाज म्हणाला. "आल्यावर सांगतो तिला. कोण बोलतंय?"

आशा फोनकडे बघत होती. पलीकडे कुठेतरी म्हैस हंबरली, पारूबाईची हाक ऐकू आली, "आशूऽऽ, कुणाचा फोन गं?"

"सांगा की, कोण बोलतंय?" आवाज हसत म्हणाला.

"कोण न्हाय," आशा म्हणाली. "राँग नंबर लागला." आणि कोपरानं फोन बंद केला.

मग करंजीची कड दाबत बसली. मी पुढची लाटी लाटायला घेतली.

मला अजून याचं काही उत्तर सापडलेलं नाही. आईच्या डोक्यावर परिणाम झाला, हे समजतं. कॅमेरा चुकला, हेही चालवून घेते. तांब्याचं आणि त्या आवाजाचं काय करायचं, ते कुणाला सुचलं तर सांगा... फक्त 'पोरीला देवऋषाकडे न्या' एवढं सांगू नका. तिचं काही बिघडलेलं नाही. ती जिवंत आहे, एवढाच तिचा दोष.

त्या फोननंतर आशानं गावी फोन केलेला नाही. परवा आप्पा कामासाठी बेळगावात आला होता, बाजारात भेटला. मी पारूबाईची चौकशी केली. शेजारी आशा उभी होती. त्यानं तिच्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं आणि मला म्हणाला, "मजेत हायत की मॅडम. मायलेकी दोगीबी मजेत हायत."